घरासाठीची ऑफर: विकणारा नेमका कशाला होकार देतो

घर पसंत पडले, कागदपत्रांवरून एकदा नजर फिरवून झाली आणि आता किंमत सांगायची वेळ आली, की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न उरतो: किती सांगायचे? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. विकणाऱ्यासमोर एकाहून अधिक प्रस्ताव असतात तेव्हा सर्वांत मोठा आकडा हमखास जिंकतोच असे नाही आणि त्यामागे विकणाऱ्याची लहर नसते, साधा हिशेब असतो. किंमत, ती देण्याची ऐपत, सौद्याला जोडलेल्या अटी आणि तो पुरा होण्याची तारीख या चार गोष्टी मिळून ऑफर बनते. ती ऐकताना विकणारा ‘किती मिळणार’ याच्या जोडीने ‘खरोखर मिळणार का’ हेही मनात तोलत असतो. खरेदीदार सहसा पहिल्या प्रश्नावर झोप घालवतो आणि दुसऱ्याकडे त्याचे लक्षच नसते.

हा हिशेब एका उदाहरणाने पाहू. चलन कोणतेही असो, घराची सांगितलेली किंमत १०० मानू. विकणाऱ्याकडे तीन जण येतात. पहिला १०२ देऊ म्हणतो. मात्र त्याने कर्जासाठी अजून अर्जही केलेला नाही आणि स्वतःचे जुने घर विकले गेल्यावरच त्याच्या हाती पैसा येणार आहे. दुसरा ९९ सांगतो. त्याच्याकडे कर्जाचे मंजुरीपत्र आहे, घराच्या तपासणीसाठी तो दहा दिवस मागतो आणि ताबा विकणाऱ्याच्या सोयीने घ्यायला तयार आहे. तिसरा ९५ वर अडून बसला आहे, पण सगळी रक्कम त्याच्याकडे तयार आहे. आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहा. सौदा दोन महिन्यांनी फिसकटला तर घर पुन्हा बाजारात आणावे लागेल; एकदा मोडलेला सौदा म्हटला की नवा ग्राहक शंका घेतो, आणि मधल्या काळातले हप्ते, कर व देखभालीचा खर्च काही थांबत नाही. या सगळ्यानंतर हाती ९२ पडतील असा त्याचा अंदाज आहे असे समजू. पहिल्याचा सौदा पार पडण्याची शक्यता त्याला शंभरात साठ वाटत असेल, तर त्या १०२ चे खरे वजन, म्हणजे १०२ चे साठ टक्के अधिक ९२ चे चाळीस टक्के, ९८ भरते. दुसऱ्याची शक्यता शंभरात पंचाण्णव धरली तर त्याच्या ९९ चे वजन ९८.६५ होते, म्हणजे किंमत तीनाने कमी सांगूनही तो पुढे गेला. तिसऱ्याचे ९५ कितीही खात्रीचे असले तरी ते ९५ च राहतात. रोख पैशाला मान असतो, पण त्या मानाची किंमत लोक समजतात तेवढी मोठी नसते.

कोणताही विकणारा कागद-पेन्सिल घेऊन असा गुणाकार करीत बसत नाही, हे खरे. पण ‘हा माणूस पक्का वाटतो’ किंवा ‘याचे काही खरे नाही’ असे तो म्हणतो तेव्हा मनातल्या मनात हेच गणित मांडत असतो. पहिल्या खरेदीदाराने आधी जुने घर विकून मगच ही बोलणी सुरू केली असती आणि कर्जाची मंजुरी हातात ठेवली असती, तर त्याची शक्यता शंभरात नव्वद झाली असती आणि त्याच १०२ चे वजन १०१ वर गेले असते. किंमत जराही न वाढवता ऑफर तीनाने वजनदार झाली. ऑफर देण्यापूर्वीच्या तयारीत जेवढी कमाई असते तेवढी घासाघिशीत क्वचितच होते.

या तयारीतले पहिले काम म्हणजे आपला आकडा ठरवणे, आणि तोही सांगितलेल्या किमतीचा परिणाम मनावर होण्याआधी. १९८७ साली ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतील टूसॉन शहरात एक प्रयोग केला. विद्यार्थी आणि व्यवसायाने घरांची दलाली करणारे एजंट अशा दोन्ही गटांना प्रत्यक्ष घर हिंडून पाहायला दिले, घराची आणि परिसरातील विक्रीची माहितीही दिली. फरक एवढाच ठेवला की वेगवेगळ्या लोकांच्या कागदांत सांगितलेली किंमत वेगवेगळी होती. ज्यांना मोठा आकडा दाखवला त्यांनी घराचे मोलही मोठे लावले. नवशिक्यांचे हे झाले तर नवल नाही, पण मुरलेल्या एजंटांचेही तेच झाले, आणि विचारल्यावर त्यांच्यातील बहुतेकांनी सांगितलेल्या किमतीचा आपण फारसा विचार केला असे मान्य केले नाही. जाहिरातीतला आकडा डोक्यात शिरला की पुढचा सगळा विचार त्याच्याभोवती फिरतो, आणि आपण स्वतंत्रपणे ठरवले या समजुतीत माणूस ‘दहा टक्के कमी सांगून पाहू’ या निष्कर्षावर येतो. ते दहा टक्के कशाचे, हे मग कोणी विचारत नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. त्याच भागात गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष विकली गेलेली, आकाराने आणि वयाने जवळपास सारखी अशी चार-सहा घरे शोधायची. विक्रीला लावलेल्या किमती येथे उपयोगाच्या नाहीत, कारण ती केवळ इच्छा असते. नोंदलेला सौदा हाच पुरावा. मग प्रत्येक घराचा दर क्षेत्रफळाच्या एककावर आणून त्यात फरक करायचा: हे घर जुने असेल तर थोडे वजा, उजेड आणि वारा जास्त असेल तर थोडी भर, तो सौदा बाजार चढा असतानाचा असेल तर पुन्हा थोडे वजा. यातून एकच आकडा निघत नाही, पट्टा निघतो, समजा ९४ ते १००. त्यानंतर दुसरा, पूर्णपणे वेगळा आकडा लिहून ठेवायचा: यापलीकडे एक पैसाही गेला तर आपण उठून जाऊ, तो आकडा. पहिला आकडा घराचा असतो, दुसरा आपला. कामाचे ठिकाण, मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांचे सान्निध्य अशा कारणांनी तो पट्ट्याच्या वरही असू शकतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र तो बोलणीच्या आधी, शांतपणे आणि घरातल्या सर्वांच्या संमतीने ठरलेला असावा, कारण समोरून ‘दुसऱ्या पार्टीचा फोन आला होता’ हे वाक्य ऐकू येते तेव्हा नवा आकडा ठरवण्याइतके कोणाचेही डोके थाऱ्यावर नसते.

विकणाऱ्याच्या आकड्यामागेही काही हिशेब असतो, आणि तो नेहमी बाजाराचा असतोच असे नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी २००१ साली बॉस्टन शहराच्या मध्यभागातील फ्लॅटविक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की ज्यांना खरेदीपेक्षा कमी किमतीत घर विकावे लागणार होते, ते सांगताना किंमत चढी सांगत. संभाव्य तोट्याच्या सुमारे २५ ते ३५ टक्के इतकी भर ते मागणीत घालत. त्यांना शेवटी थोडी जास्त किंमत मिळतही असे, पण मागणीत घातलेल्या भरीच्या मानाने ती फारच थोडी असे आणि घर रेंगाळे ते वेगळेच. म्हणून विकणाऱ्याने घर कधी आणि साधारण कितीला घेतले होते, हे सार्वजनिक नोंदींतून कळण्यासारखे असेल तर जरूर पाहावे. घेतलेली किंमत आजच्या बाजारभावापेक्षा जास्त असेल, तर समोरचा माणूस लोभापायी ताणून धरत नसून तोट्याच्या दुःखापायी धरत आहे असे समजावे. अशा माणसाला बाजारभावाचे दाखले देऊन फारसे हलवता येत नाही. इसाराची रक्कम मोठी ठेवणे, ताब्याची तारीख त्याच्या मनाप्रमाणे देणे, काही जुने सामान किमतीत धरून घेणे अशा मार्गांनी आकड्याची इभ्रत राखून सौदा जुळू शकतो.

एजंटचा हिशेब आणखी निराळा. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन यांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्री तपासल्या, ज्यांत काही हजार घरे एजंटांची स्वतःची होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार एजंट स्वतःचे घर ग्राहकाच्या तशाच घरापेक्षा सरासरी ३.७ टक्के जास्त किमतीला विकत आणि त्यासाठी ते सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवत. कारण उघड आहे: किंमत थोडी वाढल्याने एजंटच्या पदरात टक्क्याचा टक्का पडतो, पण सौदा लवकर झाला तर दुसऱ्या घराच्या मागे लागता येते. खरेदीदाराने यातून घ्यायचे ते असे, की नीटनेटकी, लवकर पुरी होणारी आणि कटकटीची नसलेली ऑफर एजंटलाही हवी असते, आणि तो ती मालकाकडे जोर लावून मांडतो. अर्थात तोच एजंट आपल्या बाजूनेही काम करीत असल्याचे सांगत असेल, तर आपला शेवटचा आकडा त्याच्या कानावर घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

आता प्रत्यक्ष आकडा सांगण्याकडे येऊ. पहिला आकडा पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ असावा, पण पट्ट्याच्या बाहेर नसावा. ९४ ते १०० पट्टा असलेल्या घराला कोणी ८० सांगितले तर विकणारा त्याला चतुर न मानता अडाणी तरी मानतो किंवा वेळकाढू, आणि त्यानंतर त्याच माणसाने ९६ सांगितले तरी ते ऐकण्याची त्याची इच्छा उरलेली नसते. याउलट पहिलाच आकडा क्षणात स्वीकारला गेला तर खरेदीदारालाच हुरहूर लागते. वाटाघाटींवरील संशोधनातही पहिली ऑफर लगेच मान्य झालेले लोक, सौदा चांगला होऊनही, कमी समाधानी आढळले आहेत. आकडा गोल ठेवू नये हेही खरे. ९५ सांगितले की समोरच्याला ते अंदाजाने फेकलेले वाटते, ९५.४ सांगून त्यामागे तीन नोंदलेल्या सौद्यांचा आणि छताच्या दुरुस्तीच्या खर्चाचा हिशेब जोडला की त्या आकड्याला कणा येतो. मात्र हिशेब खरा असावा. उगाच दशांश चिकटवलेला आकडा एका प्रश्नात उघडा पडतो.

घासाघीस करताना एक कायदेशीर खाच ध्यानात ठेवण्याजोगी आहे, आणि ती समजावणारा जुना खटला घरजमिनीच्याच व्यवहारातला आहे. इंग्लंडमध्ये १८४० च्या जून महिन्यात रेंच नावाच्या मालकाने आपली शेतजमीन १,००० पौंडांना देऊ केली. हाइड नावाच्या ग्राहकाने उलट ९५० पौंड सांगितले. मालकाने काही दिवसांनी ते नाकारले. तेव्हा हाइडने घाईघाईने कळवले की ठीक आहे, तुमचे १,००० मला मान्य आहेत. मालक आता विकायला तयार नव्हता, आणि न्यायालयाने त्याच्याच बाजूने निर्णय दिला: ९५० सांगितल्याच्या क्षणी १,००० चा प्रस्ताव संपला, तो नंतर एकतर्फी उकरून काढता येत नाही. इंग्लिश कायद्याच्या वळणावर गेलेल्या बहुतेक देशांत आजही हेच तत्त्व चालते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या सातव्या कलमातही स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असली पाहिजे असे म्हटले आहे. तेव्हा समोरून आलेला आकडा आपल्याला परवडत असेल आणि घर हातचे जाऊ द्यायचे नसेल, तर ‘अजून थोडे कमी होते का पाहू’ हा मोह फुकटचा नसतो. किंमत कमी होण्याची आशा फक्त विचारपूस करून तपासायची असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहावे: आपला प्रस्ताव विचाराधीन आहे, दरम्यान अमुक बाबतीत काही सवलत शक्य आहे का ते कळवावे.

किमतीइतकेच, कित्येकदा किमतीपेक्षाही जास्त, घोडे अडते ते अटींपाशी. कर्ज मिळाले तर, घराच्या तपासणीत काही निघाले नाही तर, मालकी निर्वेध आढळली तर, माझे जुने घर विकले गेले तर, अशी प्रत्येक ‘तर’ खरेदीदाराला बाहेर पडायची एक वाट देते आणि विकणाऱ्याच्या खात्रीतून तेवढाच वाटा वजा करते. म्हणून ऑफर बळकट करायची म्हणजे अटी कमी करायच्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला अर्धा खरा आहे. अट काढून टाकणे आणि अटीमागची शंका आधीच फेडून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत धोका आपल्या डोक्यावर येतो, दुसरीत तो नाहीसा होतो. कर्जाची मंजुरी आधी घेतली, मालकीचे आणि बोजाचे (घरावर आधीचे कर्ज किंवा दावा असल्याचे) कागद वकिलाकडून ऑफरपूर्वीच तपासून घेतले, जाणकाराला घेऊन घर दुसऱ्यांदा नीट पाहिले, तर त्या तिन्ही अटींची मुदत तीस दिवसांवरून सात दिवसांवर आणता येते आणि छातीठोकपणे तसे लिहिताही येते.

दुसऱ्यांदा पाहणे म्हणजे काय, तर फर्निचरच्या मागे पाहणे. सगळ्या खोलीचा रंग जुना आणि एकच भिंत नव्याने रंगवलेली असेल, तर त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे का ते पाहावे. तळाशी, फरशीला लागून, पांढरी भुकटी हाताला लागली तर ओल भिंतीतून क्षार बाहेर आणत आहे असे समजावे. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत गेलेली भेग गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांसारखी निरुपद्रवी नसते. पाया कुठेतरी खचला असण्याची शक्यता असते आणि तेथे संरचना अभियंत्याचे मत घेतल्याखेरीज आकडा सांगू नये. सगळे नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर पाहावा. यातून निघालेला दोष सौदा मोडण्याचे कारण असेलच असे नाही. दुरुस्तीचा लेखी अंदाज हातात असला की तो किमतीतून वजा करण्याचे कारण मात्र नक्की असते, आणि विकणाऱ्यालाही त्यावर फारसे बोलता येत नाही.

कर्जाच्या अटीत आणखी एक सापळा आहे. मंजुरीपत्र म्हणजे ठरलेली रक्कम मिळणारच असे नाही, कारण कर्ज देणारी संस्था घराचे स्वतः मूल्यांकन करते आणि साधारणपणे सौद्याची किंमत व मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. चढाओढीत १०४ ला घर घेतले आणि मूल्यांकन ९८ आले, तर ८० टक्के कर्जाच्या हिशेबाने ८३.२ ऐवजी ७८.४ च मिळतात, खिशातून २०.८ घालायचे ठरवलेल्याला २५.६ घालावे लागतात. ही तफावत भरून काढण्याइतकी शिल्लक नसताना ज्याने कर्जाची अट काढून टाकली, त्याचा इसार बुडण्याची वेळ येते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की मालकीची अट आणि, शिल्लक पुरेशी नसेल तर, कर्जाची अट कोणत्याही दबावाखाली सोडू नये. घर गेले तर दुसरे पाहता येते. वादग्रस्त मालकीचे घर मात्र आयुष्यभर गळ्यात राहते.

अनेक खरेदीदार एकाच घरामागे असले आणि सर्वांनी बंद लिफाफ्यात शेवटचा आकडा द्यावा असे सांगितले गेले, की खेळाचे नियमच बदलतात. येथे एकमेकांचे आकडे दिसत नाहीत, दुसरी संधी नसते आणि जो जिंकतो त्याला आपण सांगितलेलेच पैसे द्यावे लागतात. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल कंपनीतील तिघा अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल एक निरीक्षण मांडले, जे पुढे ‘विजेत्याचा शाप’ म्हणून प्रसिद्ध झाले: सगळ्यांचे अंदाज सरासरीने बरोबर असले तरी लिलाव जिंकतो तो सर्वांत फुगलेला अंदाज बांधणारा, म्हणून जिंकणे हाच आपण जास्त मोजल्याचा संकेत असतो. आठ जणांनी एका घराचे मोल ९३ ते १०५ दरम्यान लावले आणि खरे मोल ९८ च्या आसपास असले, तर घर १०५ वाल्याकडे जाते. मात्र घर म्हणजे तेलविहीर नव्हे. तेलाचा बाजारभाव सर्वांना सारखा, पण ऑफिसला पायी जाता येणारे घर एकाला जेवढ्या मोलाचे असते तेवढे दुसऱ्याला नसते. राहण्यासाठी घेणाऱ्याला हा शाप कमी बाधतो. चार वर्षांत विकून फायदा काढण्याच्या हेतूने घेणाऱ्याला तो पुरेपूर बाधतो आणि स्पर्धक जितके जास्त तितका त्याने आपला आकडा आवरता घ्यावा.

बंद लिफाफ्यात आपली कमाल मर्यादा जशीच्या तशी लिहू नये, कारण तेवढ्याला घर मिळाले काय आणि न मिळाले काय, हिशेब सारखाच. मर्यादा १०३ असेल तर किती स्पर्धक आहेत आणि घर किती हवेसे आहे हे पाहून १००.६ किंवा १०१.३ असे काही लिहावे. गोल आकड्यांवर गर्दी असते, त्यांच्या किंचित वर थांबणाऱ्याचा कधी कधी निसटता विजय होतो. उघड्या लिलावात याची गरज नसते. तेथे दुसऱ्या क्रमांकाचा माणूस थांबला की आपणही थांबतो, म्हणून मर्यादेपर्यंत जावे आणि मर्यादेला थांबावे, एवढेच शहाणपण पुरते. काही ठिकाणी ‘इतर कोणाहीपेक्षा एकाने जास्त, कमाल १०६ पर्यंत’ अशी आपोआप चढणारी बोली लावतात. ती सोयीची वाटते खरी, पण तिच्यात आपली मर्यादा उघड होते. शिवाय अशी बोली सगळीकडे ग्राह्य धरली जात नाही. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८५ साली शेअर्सच्या एका बंद विक्रीत ‘दुसऱ्यापेक्षा इतके जास्त’ अशी बोली रद्दबातल ठरवली होती, कारण दोघांनीही कमाल मर्यादा न घालता तशीच बोली लावली तर आकडाच निघत नाही.

होकार मिळाला म्हणजे घर मिळाले का, याचे उत्तर आपण कोणत्या कायद्याच्या छत्राखाली आहोत त्यावर अवलंबून असते, आणि ऑफर किती सावधपणे द्यायची हेही त्यावरच ठरते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ च्या कायद्यानुसार जमीनजुमल्याचा करार लेखी आणि सह्यांनिशी असावा लागतो. त्यामुळे तोंडी होकारानंतरही करारांची अदलाबदल होईपर्यंत विकणारा जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. तेथे होकार येताच घर बाजारातून काढून घ्यावे अशी मागणी ऑफरमध्येच करणे शहाणपणाचे. नॉर्वेत चित्र उलटे आहे. तेथे दिलेली लेखी बोली तिच्या मुदतीपर्यंत बोली लावणाऱ्याला बांधून ठेवते आणि मालकाने त्या वेळात ती स्वीकारली की सौदा झाला. एका दिवशी दोन घरांवर बोली लावणाऱ्याच्या गळ्यात दोन्ही घरे पडू शकतात. उतावळेपणाला आळा म्हणून जाहीर पाहणीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या आधी संपणारी बोली एजंटने पुढे पाठवू नये असा नियम आहे. फ्रान्समध्ये घर विकत घेणाऱ्या व्यक्तीला प्राथमिक करारानंतर दहा दिवस विचार बदलण्याची मुभा असते, तर जर्मनीत नोटरीसमोर करार झाल्याखेरीज कोणीच बांधले जात नाही. भारतात मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या ५४ व्या कलमाप्रमाणे साठेखताने, म्हणजे पुढे विक्री करण्याच्या कराराने, मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, मालकी येते ती खरेदीखताने. पण साठेखतातील अटी दोघांनाही लागू असतात, म्हणून इसार देताना तो कोणत्या परिस्थितीत परत मिळेल हे त्याच कागदावर यायला हवे.

विकणाऱ्याला भावनिक पत्र लिहावे का, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. अमेरिकेत अशा पत्रांची मोठी प्रथा पडली आणि त्यातून वेगळाच पेच उभा राहिला: कुटुंबाचा फोटो आणि सणावारांचे वर्णन वाचून मालक नकळत वंश किंवा धर्म पाहून निवड करू लागला, तर १९६८ च्या न्याय्य गृहनिर्माण कायद्याचा भंग होतो. ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये अशा पत्रांना बंदी करणारा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी संघीय न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याची अंमलबजावणी रोखली. कायद्याचे सोडा, पण चार ओळींत स्वतःचे गुणगान करण्यापेक्षा मालकाला कोणती तारीख सोयीची आहे हे विचारून ती ऑफरमध्ये घातली, तर ते जास्त कामाला येते असे मला वाटते.

ऑफर लेखी द्यावी, एका पानात मावावी आणि तिच्यात संदिग्ध असे काही राहू नये. घराची नेमकी ओळख, देऊ केलेली किंमत, त्यात कोणत्या वस्तू धरल्या आहेत, इसार किती आणि कोणाच्या नावे, उरलेली रक्कम कुठून व कोणत्या टप्प्यांत येणार, कोणती अट किती दिवसांत फेडली जाणार, ताबा कधी आणि हा प्रस्ताव कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत खुला आहे, इतके त्यात यावे. सोबत मंजुरीपत्राची प्रत आणि वकिलाचा संपर्क जोडावा. शेवटची मुदत घालायला बरेच जण संकोचतात, पण मुदत नसलेली ऑफर विकणाऱ्याला दुसऱ्याकडून जास्त काढायला आयते साधन पुरवते. दोन-तीन दिवस पुरेसे असतात. काही तासांची मुदत मात्र धमकीसारखी वाटते आणि मालक अनेकदा त्या रागातच नाही म्हणतो.

नकार आला तरी दार लावून घेऊ नये. मंजुरीपत्रांची मुदत संपते, मूल्यांकन कमी येते, जुने घर विकले जात नाही, आणि वर ज्याला शंभरात साठ शक्यता दिली होती त्याचा सौदा चाळीस वेळा मोडतोच. आपला प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत त्याच अटींवर कायम आहे, पहिला व्यवहार पुढे गेला नाही तर कळवावे, असे विनयाने लेखी कळवून ठेवावे, आणि त्या तारखेपर्यंत आपले मंजुरीपत्र जिवंत राहील याची बँकेकडून खात्री करून घ्यावी.